चेहरा दाखवून पैसे घेतलात, आता चेहरा पाठवा की

प्रति,
पिक्चरमधल्या माणसांच्या हुबेहूब बाहुल्या, म्हंजे फिगर, बनवणाऱ्या त्या कंपनीचे मालक, हेड स्कल्प्टर, पेंट डिपार्टमेंट आणि "थँक यू फॉर युअर पेशन्स" असा मेल टाकणारे कस्टमर सर्व्हिसवाले साहेब,

नमस्कार. तुमच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांच्या कपाटात ही फिगर उभी आहे त्यांना दुसऱ्या ओळीतच कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळून काय करायचंय. पत्र मराठीत लिहायलोय कारण इंग्रजीत लिहून झालं. आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, बेळगावातनं लिहिलं, निपाणीतनं लिहिलं, खानापुरातनं लिहिलं, पलीकडं चंदगड-गडहिंग्लजमधनं लिहिलं, आणि सगळ्यांना शब्दाला शब्द एकच उत्तर आलं की बुकिंगच्या फोटोतली फिगर प्रोटोटाइप, म्हंजे आधी केलेला नमुना, आहे, फायनल प्रॉडक्ट थोडं वेगळं असू शकतं. असू दे की थोडं वेगळं. पण माणूसच दुसरा?

विषय तुमचा बारा इंची इंडियाना जोन्स, म्हंजे इंडी. हॉलिवूडच्या पिक्चरांमधला टोपी-चाबूकवाला हिरो, हॅरिसन फोर्डनं केलेला.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही आणि जे "पन्नास हजाराची बाहुली घेतली म्हणे" असं बोलत असतात (त्यात आमच्या घरचेच जास्त) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ह्या फिगर एकास सहा मापाच्या असतात. म्हंजे हॅरिसन फोर्ड सहा फूट एक इंच, त्याचा सहावा भाग काढला की साधारण ३१ सेंटिमीटर. अंगावर खरे शिवलेले कपडे, कमरेला पट्टा, हातात चाबूक, बोटं बदलायला वेगवेगळे हात, आणि वर डोकं, जे जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं. पैसे सगळे त्या चार सेंटिमीटरचे. नुसतं बारा इंची अंग आणि कपडे पाहिजे असतील तर त्याच्या चौथाईत पण मिळतात, आम्ही जे डिपॉझिट भरतो, वर्ष-दीड वर्ष वाट बघतो, कस्टमवाल्यांची बोलणी खातो, ते त्या चेहऱ्यासाठी. चेहरा जुळला नाही तर उरतं काय, टोपी घातलेला कोणीतरी एक गोरा माणूस.

कस्टमचं पण जरा ऐकाच, कारण तुम्हाला वाटतंय तुम्ही साडेतीनशे डॉलरची वस्तू विकली. २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या सरकारने खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांवरनं ६० टक्के केली, २०२३ ला ७०. देशातले खेळण्यांचे कारखाने वाढावेत म्हणून, त्याला आमची ना नाही, इथनं जवळच कोप्पळ जिल्ह्यात भानापूरला खेळण्यांचं क्लस्टर उभं केलंय, चांगलंच आहे. पण तुमच्या डोक्याचा चेहरा काय भानापूरला मिळत नाही. वर २०२१ च्या १ जानेवारीपासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, तो नियम चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आहे आणि तुमच्या बॉक्सवर पंधरा वर्षांच्या वरच्यांसाठी असं स्वच्छ छापलंय, तरी कुरिअरवाला विचारतोच की सर्टिफिकेट कुठंय. मग फोन, मेल, केवायसी, बॉक्सचा फोटो, इन्व्हॉइस, परत फोन. एवढं करून बॉक्स मुंबईहून सुटतो आणि घरात येईपर्यंत आकडा अर्ध्या लाखाच्या पुढं गेलेला असतो. हे तुमच्या खात्यात जात नाही हे मान्य, पण ज्या चेहऱ्यासाठी हे भरलं तो तुमच्या खात्यातला आहे.

आता आधी चांगलं बोलतो, नाहीतर म्हणाल ही माणसं नुसती किरकिर करतात. जॅकेट फर्स्ट क्लास. खरंच. १९८१ च्या पहिल्या पिक्चरच्या वेळी कॉस्च्युम डिझायनर डेबोरा नॅडूलमन ह्यांनी नवं कोरं जॅकेट चाकूनं आणि तारेच्या ब्रशनं घासून जुनं केलं होतं, आणि तुमच्या शिलाईवाल्यांनी तो घासलेपणा कोपरावर, खिशाच्या कडेला, चेनच्या पट्टीवर जिथं पाहिजे तिथंच आणलाय. (हे जॅकेट आमच्या पावसात किती दिवस टिकेल ते वेगळं, खानापूरकडं जून ते सप्टेंबर भिंतीला पण बुरशी धरते आणि ते पीयू, म्हंजे नकली चामडं, दमट हवेत भुगा होऊन सुटतं, पण सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आम्ही ते निभावतो.) झोळीचा पट्टा, शर्टाच्या सुरकुत्या, होल्स्टर, चाबकाची वीण, कुठं बोट ठेवायला जागा नाही. टोपीचा काठ जरा जाड आहे पण ह्या मापात तो जाड होणारच. म्हंजे तुमच्याकडं बघणारी नजर आहे, काम करणारे हात आहेत, वेळ पण आहे. मग मानेच्या वर गेल्यावर काय झालं?

रविवारी टिळकवाडीत एकाच्या घरी आम्ही जमतो, तिथं ही फिगर टोपी काढून टेबलावर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, हे कोण. त्याची आई चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "टॉम ऑल्टर न्हवं?" गोकाकचा मित्र वाकून वाकून बघत होता, शेवटी आमच्याकडं वळून, "यारप्पा इंव?" म्हंजे कोण रे हा? एकजण म्हणाला केविन कॉस्टनर. एकजण, जो हे पिक्चर पाठ असल्यासारखे बोलतो तो, गप्प बसला, मग म्हणाला टोपी घाल आधी. टोपी घातली. मग सगळे म्हणाले हां हां इंडी. साहेब, टोपी घातल्यावर मला पण इंडी म्हणतील की!

हॅरिसन फोर्डचा चेहरा सोपा नाही हे आम्हाला मान्यच आहे, उलट सगळ्यात अवघड चेहऱ्यांपैकी तो एक आहे असं ह्या छंदातला कोणीही सांगेल. देखणा माणूस पण एक गोष्ट सरळ नाही. नाक किंचित कलतं, हसू एका बाजूला येतं आणि दुसरी बाजू त्या हसण्यात भागच घेत नाही, भुवया जड, डोळे कायम जरा बारीक केलेले. आणि हनुवटीवरची ती खूण. ती तरुणपणी गाडीच्या अपघातात झालेली, आणि १९८९ च्या भागात पोरसवदा इंडी पहिल्यांदा चाबूक फिरवतो आणि तो हनुवटीला लागतो असं दाखवून त्या खुणेला गोष्टीत जागा करून दिली. एका जखमेच्या खुणेसाठी त्यांनी सीन घातला. तुमच्या प्रोटोटाइपमधे ती खूण कोरलेली दिसत होती, आमच्याकडं आलेल्या फिगरमधे ती नुसती रंगाची रेघ आहे, नखानं चाचपलं तर खाली सपाट. आणि काहीजणांच्या फिगरमधे ती रेघ पण जागेवरनं सरकलेली.

नाक तुम्ही सरळ केलंय. दोन्ही गाल एकसारखे केलेत. आमचा संशय असा की कॉम्प्युटरवर अर्धा चेहरा घडवायचा आणि आरशासारखा दुसऱ्या बाजूला उलटवायचा, ती सोय सॉफ्टवेअरमधे असतेच, आणि मग शेवटी हातानं जो वाकडेपणा आणायचा असतो तो कारखान्यापर्यंत येताना कुठंतरी इस्त्री होऊन गेला. वाकडेपणा काढून टाकलेला हॅरिसन फोर्ड म्हंजे कोण, तर कोणीच नाही.

डोळ्यांचं सांगतो कारण सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. तुम्ही फिरणारे डोळे दिलेत, मागनं केसांचं झाकण काढायचं आणि बारीक काडीनं बुबुळं फिरवायची, जाहिरातीत हेच सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं. कोणी मागितलं होतं? डोळे फिरायचे म्हंजे गोळा मोकळा फिरला पाहिजे, मग पापणीची कड जाड ठेवावी लागते आणि ती गोळ्यापासनं जरा लांब राहते, आणि डोळ्याचं भोक मोठं करावं लागतं. हा माणूस जन्मभर टोपीखालनं उन्हात बघितल्यासारखं डोळे बारीक करून बघतोय आणि तुमच्यात तो टक्क उघडे डोळे घेऊन उभा आहे. हे चार सेंटिमीटरचं डोकं आहे हो. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलीमीटर धरतात, ह्या मापात ते साडेदहा होतं. इथं अर्ध्या मिलीमीटरची चूक झाली की खऱ्या चेहऱ्यावर ती तीन मिलीमीटरची चूक आहे. तीन मिलीमीटरनं डोळे सरकवले तर सख्ख्या भावाला पण ओळखू येणार नाही माणूस.

आता तुम्ही म्हणाल की कारखान्यात हजारोंनी माल काढताना असं होतं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. तर साहेब, हे गाव कुठलं आहे ते सांगतो. बेळगावात उद्यमबाग म्हणून एरिया आहे, फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स, आमच्या ग्रुपमधले निम्मे तिथनंच घरी येतात. त्यातला एक पॅटर्न शॉपमधे आहे, म्हंजे ज्यावरनं साचा करतात तो नमुना बनवतो. त्यानं तुमची फिगर हातात घेतली, डोकं मानेच्या बॉलवरनं काढलं, प्रोटोटाइपच्या फोटोशेजारी धरलं आणि म्हणाला, "ह्यांनी श्रिंकेज धरलेलं नाही गा." बिडाचं कास्टिंग गार होताना आक्रसतं, मीटरमागं साधारण दहा मिलीमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करतात, हे उद्यमबागेत नवीन लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात. तुमचा प्रोटोटाइप रेझिनचा, थ्रीडी प्रिंटरमधनं काढलेला, कडक, एकच पीस, एका मुरलेल्या आर्टिस्टनं दिवसच्या दिवस बसून रंगवलेला. आमच्याकडं आलेलं डोकं पीव्हीसीचं, म्हंजे मऊ व्हिनायलचं. असली डोकी बऱ्याच वेळा साच्यातनं गरम असतानाच मानेच्या भोकातनं ओढून काढतात, मग ती गार होतात, आक्रसतात, आणि सगळीकडनं सारखी आक्रसत नाहीत. जिथं जाडी जास्त तिथं वेगळं, जिथं पातळ तिथं वेगळं. म्हणून जबडा रुंद वाटायलाय आणि कपाळ दबल्यासारखं. हे आधी धरून साचा करता येतो. येतो म्हंजे काय, करतातच. तुमच्याच आधीच्या काही फिगरमधे चेहरा किती छान उतरला होता, त्या आमच्याकडं आहेत, शेजारीच उभ्या आहेत.

आणि तो पॅटर्नवाला पुढं जे बोलला ते मला तुमच्या मालकांपर्यंत पोचवायचं आहे. उद्यमबागेत कुठल्याही कंपनीची ऑर्डर आली तर आधी सॅम्पल काढतात, गिऱ्हाईक ते मोजून बघतं, पास करतं, मग लॉट सुटतो. साच्यातनं निघालेलं सॅम्पल हं, ड्रॉइंग नाही. तुम्ही आम्हाला काय दाखवलं? ड्रॉइंग. सुंदर, एका बाजूनं लाईट मारलेलं, मागं काळा पडदा, फोटोशॉपमधनं फिरवून आणलेलं ड्रॉइंग. आणि पैसे घेतले लॉटचे. स्टुडिओकडनं आणि नटाकडनं मंजुरी घेतो असं तुम्ही सांगता, ती मंजुरी पण त्या एका प्रोटोटाइपलाच मिळालेली असणार ना. मग जे डोकं हजारो घरांत गेलं ते कोणी पास केलं?

एक गोष्ट आम्ही करून बघितली. वडगावकडं एक पोरगा गणपतीच्या मूर्तींची आखणी करतो, म्हंजे डोळे. मूर्तीचं बाकी सगळं रंगकाम शेडमधली चार पोरं करतात, स्प्रे मारतात, सोनेरी ओढतात, पण डोळे शेवटी आणि एकाच्याच हातचे, आणि घरचा पाट द्यायला येणारी मंडळी आखणी कोणाची आहे ते विचारून पाट देतात. त्याला म्हटलं, बाबा ह्याचे डोळे जरा नीट करून दे, तुझ्याकडं बारीक ब्रश आहेत. त्यानं भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला रंगाचं काम चांगलं आहे, पुसून परत केलं तरी ह्यापेक्षा फार वेगळं होणार नाही, "हा कुठं बघायलाय तेच ह्यांनी ठरवलेलं नाही." आणि परत दिलं. पैसे पण घेतले नाहीत. मी घरी येऊन काडीनं बुबुळं फिरवून फिरवून बघितली, डावीकडं, उजवीकडं, खाली, आणि त्याचं खरं आहे. बुबुळं सगळीकडं जातात, नजर कुठंच जात नाही.

दाढीचे खुंट पण सांगून टाकतो. प्रोटोटाइपमधे एकेक ठिपका दिसत होता, आमच्यात हनुवटीपासनं कानापर्यंत एक करडा धूर मारलाय. मास्क, म्हंजे कापलेला छापा, लावून एअरब्रश फिरवला की काम लवकर होतं हे कळतं. पण मग फोटोत पण मास्क लावून रंगवलेलंच डोकं ठेवायचं होतं.

आता थोडं आपल्याच लोकांशी बोलतो, साहेब तुम्ही तोवर चहा घ्या.

ग्रुपमधे काहीजण आहेत की फिगर आल्याबरोबर बॉक्ससकट फोटो टाकतात आणि खाली लिहितात, हातात घेतल्यावर बरी वाटते, लाईट बदलून बघा, फोटोत दिसते तेवढी वाईट नाही, मान जरा खाली वाकवा, टोपी पुढं ओढा. मला कळतंय ते असं का लिहितात. एवढे पैसे घातल्यावर कोणालाच आपण फसलो असं म्हणायचं नसतं, आणि घरात तर अजिबातच म्हणता येत नाही. पण अरे, जी मूर्ती फक्त एका कोनातनं, एका लाईटमधे, अर्धा चेहरा टोपीत घालून ओळखू येते तिची बाजू किती घ्यायची? तुम्ही असं लिहिता आणि कंपनी तेच स्क्रीनशॉट दाखवून म्हणते कलेक्टर खूश आहेत. आणि दुसऱ्या टोकाचे आहेत ते पण नकोत, स्कल्प्टरच्या आईबापापर्यंत जाणारे. त्या बिचाऱ्याचं काम प्रोटोटाइपमधे आपण सगळ्यांनी बघितलंय, ते उत्तम होतं, त्याच्याच कामाची वाट लागली आहे, तो आपल्याइतकाच वैतागला असेल. शिव्या द्यायच्या नाहीत. मागायचं ते नेमकं मागायचं.

आणखी एक ऐकायला मिळतं, की बाहेरचे लोक नुसती डोकी विकतात, ते घ्या आणि लावा. विकतात, आणि त्यातली काही तुमच्यापेक्षा सरस आहेत साहेब, घरात बसून एक माणूस प्रिंट करतो, रंगवतो, आणि हॅरिसन फोर्ड ओळखू येतो. लायसन्स नाही, काही नाही. आम्ही तुमच्याकडनं का घेतो मग? लायसन्स आहे म्हणून, कंपनी आहे म्हणून, उद्या काही झालं तर विचारायला कोणीतरी आहे म्हणून. तेच विचारायलोय.

चेहरा बनवायचा तर तो कोणाचा तरी असला पाहिजे, ही अपेक्षा काही पहिल्यापासनं नव्हती. १९६४ ला अमेरिकेत जी. आय. जो हे खेळणं आलं तेव्हा तो बारा इंची शिपाई कोणाच्याच तोंडाचा नव्हता, नक्कल करणाऱ्यांना पकडता यावं म्हणून ट्रेडमार्कसाठी गालावर एक व्रण दिला होता, बस. तेव्हा चेहऱ्याचे पैसे कोणी मागत नव्हतं आणि कोणी देत नव्हतं. ते तुम्ही सुरू केलंत, "हुबेहूब" म्हणून तुम्ही विकायला लागलात.

आणि डोकं बदलणं ही काय आभाळातनं आणायची गोष्ट नाही. १९७८ ला केनर ह्या खेळण्यांच्या कंपनीने "स्टार वॉर्स" पिक्चरमधल्या हान सोलोची पावणेचार इंची फिगर काढली. तिथं पण नट हाच, हॅरिसन फोर्ड. आधी जे डोकं होतं ते अंगाच्या मानानं बारकं होतं, मग त्याच फिगरला मोठं डोकं लावून बाजारात आणली. कलेक्टर लोक आजपण छोट्या डोक्याचा आणि मोठ्या डोक्याचा असे दोन वेगळे हान सोलो शोधत असतात. म्हंजे हॅरिसन फोर्डचं डोकं चुकू शकतं हे खेळण्यांच्या धंद्याला माहीत असून चार दशकं उलटून गेली, आणि ती फिगर काही शेकडो डॉलरची नव्हती, पोरांनी मातीत खेळायची होती. तिथं डोकं बदललं. इथं तुम्ही म्हणता फायनल प्रॉडक्ट मे व्हेरी.

तर आमचं मागणं ऐका. अख्खी फिगर परत घेऊ नका. परत पाठवायचं म्हंजे परत ते कस्टम, परत ती कागदपत्रं, आणि जॅकेट आम्हाला आवडलंय ते आम्ही देणार नाही. पैसे पण परत नकोत. फक्त डोकं पाठवा. ते मानेच्या बॉलवरनं निघतं, हेअर ड्रायरनं जरा गरम केलं की दोन मिनिटांत नवं बसतं, हे आमच्यातली शाळकरी पोरं करतात. चार सेंटिमीटरचं डोकं आहे, आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्यात येईल. साचा नव्यानं करावा लागेल, त्याला पैसे लागतील, आम्हाला कळतंय, साच्याचे दर आम्हाला तुमच्यापेक्षा कमी माहीत नाहीत. पण ते एकदाच लागतील. फिरणारे डोळे नकोत, डोळे रंगवलेलेच द्या, बारीक केलेले, आणि तो कुठं बघायलाय ते आधी ठरवा. नाक वाकडं ठेवा. खूण कोरा.

आणि पुढच्या वेळेपासनं, बाकीचे पैसे मागायच्या आधी कारखान्यातल्या लाईनवरनं उचललेल्या एका फिगरचे फोटो टाका. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी ठेवून, मोबाईलवर काढलेले, समोरनं, दोन्ही बाजूंनी, टोपी काढून. ज्याला पसंत नाही तो डिपॉझिट सोडून देईल, ते तुम्ही तसंही परत देत नाही. तुमचं नुकसान काय? फारतर काहीजण सोडतील. पण जे राहतील ते बघून राहिलेले असतील आणि असलं पत्र लिहायला बसणार नाहीत.

जाता जाता एक सूचना फुकट देतो. १९८४ च्या भागात आमच्या देशातल्या राजवाड्यात पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढलेला दाखवला होता, आमच्या सरकारला स्क्रिप्ट पटली नाही म्हणून शूटिंग श्रीलंकेत कँडीकडं केलं, आणि एवढं सगळं असून आमच्याकडच्या लोकांनी तो पिक्चर अमरीश पुरींसाठी बघितला. मोलाराम ह्या व्हिलनसाठी त्यांनी डोकं तुळतुळीत केलं होतं. त्यांची बारा इंची काढा. केसांचा खर्च नाही, दाढीचा धूर नाही. फक्त ते डोळे जमले पाहिजेत, आणि ते जमले नाहीत तर मग आमच्या पत्राची भाषा अशी राहणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुमच्या पुढच्या फिगरचं बुकिंग उघडलंय, फोटो बघितले, नेहमीसारखे सुंदर आहेत. दुकानदाराचे मेसेज येतायत की स्लॉट संपत आलेत. आमच्यातल्या कोणीही डिपॉझिट भरलेलं नाही. डोकं आलं की भरू.

आपले,
बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडचे फिगर जमवणारे

ता. क. पार्सलवर बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी लिहा, दोन्हीला पोचतं. आणि बबल रॅप जरा जास्त घाला, मागच्या वेळी एकाच्या टोपीचा काठ दुमडून आला होता, तो अजून सरळ झालेला नाही.